वाचकांचे प्रश्न : कोड तोच, तरी इन्स्टॉलेशनची पाने जुनी का पडतात?

प्रश्न : वाचनालयातील पुस्तकांच्या नोंदी ठेवणारा, पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला एक मुक्तस्रोत प्रकल्प आम्ही काही मित्र फावल्या वेळात सांभाळतो. बऱ्याच काळात मूळ कोडमध्ये फारसा बदल झालेला नाही; तरीही ‘तुमच्या इन्स्टॉलेशनच्या पानावरच्या कमांड चालत नाहीत’ अशा तक्रारी वाढत आहेत. वेळ थोडा असताना ही पाने अद्ययावत कशी ठेवावीत?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कोड बदलला नाही म्हणजे पानही बदलायला नको, हा समज आधी सोडावा लागेल. इन्स्टॉलेशनच्या पानावरची प्रत्येक कमांड तुमच्या ताब्यात नसलेल्या गोष्टींवर विसंबून असते : ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, पॅकेजेसची (तयार सॉफ्टवेअर संचांची) रेपॉझिटरी म्हणजे साठा, तिची डिजिटल सही तपासणारी की, पायथनची आवृत्ती. यांपैकी काहीही बदलले की तुम्ही एक अक्षर न बदलताही पान चुकीचे ठरते.

तुमचा प्रकल्प पायथनचा असल्यामुळे यातल्या बऱ्याच तक्रारींमागे एकच कारण असण्याची शक्यता मला अधिक वाटते. जून 2023 मध्ये डेबियन 12 ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून तिच्यावर पिप या पायथनची पॅकेजेस टाकणाऱ्या साधनाने थेट सिस्टिमच्या पायथनमध्ये पॅकेज टाकू गेल्यास ते नकार देते, कारण तो पायथन ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वतःच्या कामासाठी राखलेला असतो. डेबियनवरच आधारलेल्या उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांतही हाच नियम आहे. त्याआधी लिहिलेल्या असंख्य पानांवर ‘पिप इन्स्टॉल’ ही एकच ओळ होती आणि ती एका रात्रीत निरुपयोगी झाली. इतकेच असते तर फारसे बिघडले नसते. परंतु अडलेला माणूस त्रुटीचा संदेश शोधत फिरतो, कुणीतरी सुचवलेला ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा पर्याय जोडतो, आणि त्याच्या संगणकावरची इतर साधने बिघडण्याचा धोका पत्करतो. व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट (प्रकल्पापुरता वेगळा पायथन) तयार करण्याच्या दोन ओळी तुमच्या पानावर असत्या तर त्याला तिकडे जावेच लागले नसते. शिळे पान केवळ उपयोगाचे राहत नाही असे नाही, ते वाचकाला चुकीच्या सल्ल्याकडे ढकलते. म्हणून मी या कामाला नवी सोय लिहिण्याइतकेच महत्त्व देतो.

याहून कठीण प्रकार म्हणजे कमांड बिनतक्रार चालते, पण जुनीच वस्तू हाती येते. क्यूबरनेटीज या, अनेक संगणकांवरची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या, प्रणालीची पॅकेजेस पूर्वी गूगलच्या यंत्रणेवरच्या रेपॉझिटरीतून मिळत. ऑगस्ट 2023 मध्ये प्रकल्पाने स्वतःची नवी रेपॉझिटरी जाहीर केली, 13 सप्टेंबर 2023 रोजी जुनी गोठवली आणि मार्च 2024 मध्ये ती काढून टाकली. मधल्या काही महिन्यांत जुन्या पत्त्याच्या कमांड यशस्वी होत होत्या, मात्र 1.29 ही आवृत्ती त्या पत्त्यावर कधी आलीच नाही. शिवाय नव्या रेपॉझिटरीच्या पत्त्यातच आवृत्तीचा क्रमांक असतो आणि वर्षाला साधारण तीन आवृत्त्या निघतात, त्यामुळे त्यांच्या दस्तऐवजांत हा क्रमांक जागोजागी हाताने न लिहिता एका व्हेरिएबलमधून भरला जातो. तुम्हीही आवृत्तीचा क्रमांक एकाच जागी ठेवा आणि इन्स्टॉलेशननंतर आवृत्ती दाखवणारी कमांड पानावर द्या, म्हणजे आपल्याला काय मिळाले हे वाचकाला कळेल.

आता शिस्तीबद्दल. पानावरच्या कमांड वेगळ्या स्क्रिप्टच्या फाइलमध्ये ठेवाव्यात, पानात त्या फाइलमधूनच दाखवाव्यात, आणि तीच फाइल दर आठवड्याला ठरलेल्या वेळी कोऱ्या कंटेनरमध्ये (बाकी संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या वातावरणात) आपोआप चालवावी. कोड बदलल्यावरच चालणारी चाचणी येथे अपुरी पडते, कारण बिघाड बाहेरून येतो. कंटेनरची मूळ प्रतिमा प्रत्येक वेळी नव्याने उतरवून घ्यावी आणि कॅशे, म्हणजे आधीच्या वेळच्या साठवलेल्या प्रती, बंद ठेवावा; नाहीतर चाचणी महिनोन्‌महिने त्या जुन्याच प्रतींवर उत्तीर्ण होत राहील. एक मर्यादा ध्यानात असू द्या : कंटेनरमध्ये बहुधा सिस्टिमडी, म्हणजे पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा, नसते, म्हणून सर्व्हिस सुरू करण्याचा टप्पा व्हर्च्युअल मशीनवरच (संपूर्ण आभासी संगणकावर) तपासावा लागतो. ‘शेवटची चाचणी’ ही तारीखही त्या चाचणीनेच पानावर लिहावी. हाताने लिहिलेली तारीख मजकुरातले शुद्धलेखन सुधारतानाही पुढे सरकते आणि मग तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

यंत्राला न दिसणारी एक गोष्ट उरते. गिट हे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन आधीच आहे किंवा वाचकाला प्रशासकाचे अधिकार आहेत, अशी गृहीतके जुन्या जाणत्यांच्या ध्यानात येत नाहीत. नवी आवृत्ती काढण्यापूर्वी प्रकल्पात नव्याने आलेल्या व्यक्तीला केवळ पान वाचून इन्स्टॉलेशन करायला सांगा, आणि ती जिथे अडेल तिथे तोंडी मदत न करता पान दुरुस्त करा.

प्रश्न : कालबाह्य ऑपरेटिंग सिस्टिमसाठीच्या सूचना काढून टाकाव्यात का? अजून काही कार्यालयांत सेंटओएस 7 ही जुनी लिनक्स प्रणाली वापरतात.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मुख्य पानावरून काढाव्यात. सेंटओएस 7 चा आधार 30 जून 2024 रोजी संपला आणि त्याच्या मिररची (पॅकेजेसच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरची) नेहमीची यादी बंद झाली, त्यामुळे तिथे यम या पॅकेजेस उतरवणाऱ्या साधनाच्या साध्या कमांडही सेटिंग बदलल्याशिवाय चालत नाहीत. त्या सूचना ‘देखभाल थांबलेली’ असे ठळक लिहिलेल्या वेगळ्या पानावर, प्रकल्पाच्या ज्या शेवटच्या आवृत्तीवर त्या तपासल्या होत्या तिच्या उल्लेखासह ठेवाव्यात.

प्रश्न : आम्ही अशा पानांचा मराठी अनुवाद करतो. इंग्रजी पान बदलल्याचे आम्हाला उशिरा कळते. यावर काय उपाय आहे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अनुवादाचे वेगळे पान तयार करण्याऐवजी गेटटेक्स्ट या अनुवादाच्या साधनाची पीओ फाइल वापरावी; तिच्यात मूळ वाक्य आणि त्याचा अनुवाद जोडीने असतात. मूळ वाक्य बदलले की जुळवणी करताना त्या अनुवादावर ‘फझी’ (पुन्हा तपासा) अशी खूण येते. स्फिंक्स हे दस्तऐवजांची पाने तयार करणारे साधन अशा खुणेचा अनुवाद सहसा वापरत नाही आणि त्या जागी मूळ इंग्रजी वाक्य दाखवते. मराठी पानात मध्येच इंग्रजी परिच्छेद दिसणे अनेक अनुवादकांना खटकते, म्हणून ते न वाचताच ती खूण पुसतात. तसे कृपया करू नये. जुन्या सूचनेच्या सफाईदार मराठीपेक्षा चालू सूचनेचे इंग्रजी वाचकाच्या अधिक कामाचे आहे. कमांडचे चौकोन स्फिंक्स वेगळे सेटिंग केल्याशिवाय अनुवादासाठी देतच नाही, ते थेट मूळ पानातून येतात. त्यामुळे तुमचे लक्ष त्यांच्या आजूबाजूच्या स्पष्टीकरणावर असावे, कारण कमांड नवी आणि तिच्यावरचे मराठी वाक्य जुने, अशी विसंगती तिथेच उद्भवते.