गरम झाला की बसकण मारतो

वाचकांचे प्रश्न, मिस्त्रीकाकांची उत्तरं

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. आमची शेती देपालपूरच्या बाजूला. सासऱ्यांनी 1987 साली घेतलेला 35 हॉर्सपॉवरचा, तीन सिलिंडरचा डिझेल ट्रॅक्टर अजून दारात उभा आहे. ते गेल्यापासून शेतीचा हिशेब आणि ट्रॅक्टर, दोन्ही माझ्याकडे आले. सोयाबीन निघालं, आता गव्हासाठी रोटाव्हेटर मारायचा आहे. सकाळी पहिल्या सेल्फला उठतो, 40-45 मिनिटं झकास चालतो, मग दोन-तीन गचके देऊन बंद. काळा धूर नाही, वेडावाकडा आवाज नाही. 20 मिनिटं लिंबाखाली उभा ठेवला की जसं काही झालंच नाही! पाण्याच्या तापमानाचा काटा हिरव्यातच असतो. टाकी गच्च भरलेली असेल तर तासभरही ओढतो. रिकामी ट्रॉली घेऊन गावात गेलं तर बंद पडत नाही. दोनदा फिल्टर बदलले, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल तपासून आणले. आता इथले मिस्त्री म्हणतात, नोझलला दाबाने डिझेल देणारा पंप गरम होऊन मरतोय, त्यात आत फिरणारा रोटर नवा घाला, 14 हजार लागतील. भाच्याने मोबाइलवर बघून सांगितलं, गरम झाल्यावर कॉईल बसते, ती बदला. काय करू?
(एक वाचक, देपालपूर तहसील, जि. इंदूर)

उत्तर : ताई, सध्या पंपाला कुणाला पाना लावू देऊ नका. आणि भाच्याला सांगा, तुमच्या ट्रॅक्टरला ठिणगी पाडणारी कॉईलच नाही. त्याने पाहिलं ते खोटं नसेल, पण ते पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरचं असणार. त्यात पेट्रोल ठिणगीने पेट घेतं, आणि जुनी कॉईल किंवा कंडेन्सर तापला की ठिणगी मरते. डिझेल इंजिनात हवाच 16-17 पट दाबून इतकी तापवतात की फवारा पडताच पेट घेतो. कॉईल शोधत बसलात तर गव्हाच्या पेरणीची वेळ निघून जाईल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण उत्तर निम्मं त्यातच आहे. सगळे ‘गरम झाल्यावर बंद पडतो’ म्हणतात. मला तो गरमीने बंद पडतोय असं वाटत नाही, घड्याळाने पडतोय. रोटाव्हेटर काळ्या मातीत घातला की असा ट्रॅक्टर तासाला 4-5 लिटर डिझेल पितो. रिकाम्या ट्रॉलीला त्याहून बरंच कमी, नुसता उभा धडधडत असेल तर जेमतेम लिटरभर. जो बारीक धारेवर भागवतो आणि मोठी धार मागितली की मरतो, त्याला ताप आलेला नसतो, तो उपाशी असतो. गचके देऊन मरणं हीसुद्धा उपाशी इंजिनाचीच तऱ्हा.

मग 20 मिनिटांनी उठतो कसा? इथेच मीही एकदा तोंडावर पडलोय. 1994 सालची गोष्ट. इंदूरच्या सांवेर रोडला माझं छोटं वर्कशॉप होतं. हातोदकडचा एक शेतकरी असाच ट्रॅक्टर घेऊन आला. अगदी हेच लक्षण. मी वयाने आणि अकलेने तरुण, पंप उतरवला, रोटर बदलवून आणला, छातीठोक सांगून पाठवला. चौथ्या दिवशी माणूस पुन्हा दारात. ‘भैया, फिर बैठ गया.’ शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी लाजेकाजेने टाकी उतरवून उलटी केली तर दुधाच्या पिशवीचा कोपरा बाहेर पडला. दोन बोटं रुंद, त्यावर निळ्या छपाईची अर्धी रेघ. इंजिन ओढायला लागलं की तो तुकडा वाहत यायचा आणि टाकीच्या तळाशी, डिझेल बाहेर पडायच्या तोंडावर झाकणासारखा चिकटायचा. इंजिन मेलं की ओढ संपली, तुकडा सुटून बाजूला. 20 मिनिटांत फिल्टरच्या वाटीत पुन्हा डिझेल भरलं, ट्रॅक्टर सुरू. आम्ही दोघं समजत होतो, गार झाला म्हणून उठला! रोटरचे पैसे मी परत केले, तेही तीन हप्त्यांत, कारण त्या महिन्यात दुकानाचं भाडं थकलं होतं. तो तुकडा पुढे बरीच वर्षं वर्कशॉपमध्ये खिळ्याला लटकवलेला होता.

टाकीत दुधाची पिशवी कुठून येते? डिझेलच्या कॅनचं झाकण गळू नये म्हणून त्याखाली प्लास्टिक दाबून आटा कसायची आपल्याकडे पद्धत आहे. आटा प्लास्टिक कापतो, तुकडा डिझेलबरोबर ओतला जातो. तुमचा कॅन आधी बघा.

टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं तरी असंच होतं. डिझेल खाली गेलं तेवढी हवा वरून आत यायला हवी, नाहीतर टाकी चोखलेल्या पिशवीसारखी डिझेल धरून ठेवते. पण भोक बुजलं असेल तर भरलेल्या टाकीत ट्रॅक्टर लवकर मरायला हवा, कारण आत हवा थोडीच, तिची ओढ पटकन वाढते. तुमचा तर भरलेल्या टाकीवर जास्त चालतो. म्हणजे वरून दाब असेपर्यंत चिंचोळ्या वाटेतूनही डिझेल उतरतंय. माझा संशय तळावर आहे : बाहेर पडायचं तोंड, तिथली जाळी, नळाची तोटी. तरी बंद पडल्या क्षणी झाकण उघडून कान लावा. फुस्स करून हवा आत गेली तर मी चुकलो, भोकात तार घाला आणि विषय संपला.

फुस्स झालं नाही तर ‘सलाईन’ लावा. हे नाव माझंच आहे, शोध माझा नाही. 5 लिटरचा स्वच्छ कॅन पंपापेक्षा उंच, बॉनेटच्या बाजूला घट्ट बांधा. नळ बंद करून टाकीकडून फीड पंपाला, म्हणजे डिझेल ओढून पुढे ढकलणाऱ्या छोट्या पंपाला, येणारा पाइप सोडवा आणि तिथे कॅनची नळी जोडा. नळी सायलेन्सर आणि एक्झॉस्टच्या आसपास फिरकू देऊ नका, बिडी ओढणाऱ्याला बांधावर पाठवा. एअर, म्हणजे पाइपात शिरलेली हवा, काढा : आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, मग पंपावरचा. फीड पंपाचा हाताने मारायचा खटका मारत राहा, फेस जाऊन निव्वळ डिझेल आलं की स्क्रू कसा. मग त्याच शेतात, त्याच रोटाव्हेटरला जुंपा. डिझेल संपत आलं की कॅन भरत राहा. दीड तास चालला तर टाकीपासून फीड पंपापर्यंतची वाट दोषी, आणि पुढे पंप, नोझल, फिल्टर सगळे निर्दोष. 14 हजार वाचले. कॅनवरही बंद पडला तर फीड पंपाचं डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, उघडून बघा, चिरलेलं असतं. ते फार महागाचं काम नाही.

टाकीचा दोष निघाला तर टायरमध्ये हवा भरायचा पायपंप घ्या, टाकीचं झाकण आणि नळ उघडून सुटलेल्या पाइपमधून उलटी हवा मारा. आत बुडबुड ऐकू यायला हवी. पण हा तात्पुरता इलाज झाला, काय अडकलंय ते टाकीतच राहतं. रविवार गाठून टाकी उतरवा, तळाचा काळा चिकट गाळ आणि पावसाळ्यात साचलेलं पाणी काढा, डिझेलनेच दोनदा खंगाळा. चिंध्या आणि कॉटन वेस्ट आत घालू नका, त्यांचे धागे म्हणजे पुढच्या वर्षीचा हाच प्रश्न. जोडताना तांब्याचे वॉशर नवेच घाला. इंदूरच्या सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात चिल्लर पैशांत मिळतात, आणि जुना दाबलेला वॉशर एअर घेतो.

तुमच्या मिस्त्रींना मी खोटं पाडत नाही. पंप गरम होऊन मरतो, हे खरंच होतं. रोटर आणि तो ज्यात फिरतो त्या हेडमधली फट मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजायची असते. ती झिजली की तापून पातळ झालेलं डिझेल तिथूनच निसटतं. पण असा पंप बहुधा चालताना कुरकुरत नाही. तो अडतो ते सुरू करताना : गरम इंजिन बंद केलं आणि पाणी पिऊन आलात, की सेल्फ फिरतो पण उठत नाही, कारण सेल्फच्या संथ फेऱ्यांत नोझल उघडण्याइतका दाबच तयार होत नाही. तसं वाटलं तर इंजिन बंद असताना पंपावर ओलं गोणपाट 10 मिनिटं ठेवा. तेवढ्याने उठला तर रोटरवर संशय घ्या. चालू पंपावर मात्र थंड पाणी ओतू नका, आत जाम होऊन बसेल आणि मग 14 हजारांत भागणार नाही. आणि नोझलचा पाइप सैल करून सेल्फ मारायची वेळ आली तर फवाऱ्यासमोर हात धरू नका. ती धार कातडीत घुसते, तिथून सरळ दवाखाना.

टाकीतून काय निघालं ते मात्र कळवा. मला उत्सुकता आहे.

प्रश्न : माझा ट्रॅक्टर तापत होता म्हणून मिस्त्रीने थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, काढून टाकला. आता काटा कमी राहतो. असाच चालवू का?
(एक वाचक, देवास)

उत्तर : नका चालवू. हिवाळ्यात इंजिन नीट गरमच होणार नाही, डिझेल जास्त खाईल आणि लाइनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, झिजतील. तापण्याचं कारण बहुतेक रेडिएटरच्या तोंडावर आहे. सोयाबीन काढल्यावर त्याचा भुसा आणि धूळ जाळीत घट्ट बसते. पंखा हवा पुढून ओढतो, म्हणून हवा किंवा पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा. पुढून मारलंत तर कचरा आणखी आत जातो. पंख्याचा पट्टाही बघा. जुना थर्मोस्टॅट ठेवला असेल तर दोऱ्याला बांधून पाण्यात सोडा आणि पाणी तापवा. साधारण 80-82 अंशांना त्याने तोंड उघडायला हवं. पाणी खळखळ उकळलं तरी मिटलेलाच राहिला तर नवा आणा. यासाठी चहाचं पातेलं मात्र घेऊ नका. ते पुन्हा चहाला चालत नाही, आणि ते मला घरी ऐकून घ्यावं लागलं आहे.