बलाढ्य मित्रदेशाचा भरवसा उरला नाही, तर युतीतल्या लहान देशांनी काय करायचं?

युती लगेच मोडू नये, पण तिच्यावरच विसंबूनही राहू नये. 1956 मध्ये सुएझ कालव्यासाठी ब्रिटन आणि फ्रान्सने इजिप्तवर हल्ला केला, तेव्हा अमेरिकेने दबाव आणून दोघांना माघार घ्यायला लावली. ठेच दोघांनाही लागली, शहाणपण मात्र वेगवेगळं सुचलं. ब्रिटन अमेरिकेला आणखी चिकटला. त्याच्या पाणबुड्यांवरची ट्रायडंट ही अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं आजही अमेरिकी बनावटीची आहेत. फ्रान्सने 1960 मध्ये स्वतःची अणुचाचणी केली आणि 1966 मध्ये नाटो या अमेरिका आणि युरोपीय देशांच्या संरक्षण युतीच्या एकत्रित लष्करी रचनेतून अंग काढून घेतलं, सदस्यत्व मात्र सोडलं नाही. खर्चिक असला तरी मला फ्रान्सचाच मार्ग पटतो.

कारण खरी अडचण रणगाड्यांची नसतेच. उपग्रहांकडून येणारी माहिती, हवेत इंधन भरणारी विमानं, क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा हे सगळं उभं करायला वर्षानुवर्षं लागतात. मार्च 2025 मध्ये अमेरिकेने युक्रेनला गुप्त माहिती देणं काही दिवस थांबवलं, तेव्हा हे परावलंबन उघडं पडलं. शेजारी देशांनी मिळून आधी इथेच पैसा लावावा. आणि एका सदस्यावरचा हल्ला सगळ्यांवरचा हल्ला मानणारं नाटोचं कलम 5 सुद्धा प्रत्येक देशाला ‘आवश्यक वाटेल ती’ कृती करायला सांगतं. सैन्य पाठवायची सक्ती त्यात नाही.