वाचकांचे प्रश्न : लुकलुकत्या चौकोनांची भाषा

प्रश्न : बाबांना एएलएस (स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार) आहे. वाचा गेली, हात उचलत नाहीत, पण डोळे नीट फिरतात. मेंदूच्या लहरींवरून अक्षरे लिहिणारे यंत्र आणावे का? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : डोळे फिरतात तोवर आधी डोळ्यांनाच कामाला लावा. एका पुठ्ठ्यावर वर्णमाला लिहा. क ते म ही २५ व्यंजने पाच ओळींत आपोआप बसतात. खाली य ते ळ, मग स्वर आणि मात्रा. तुम्ही एकेका ओळीवर बोट ठेवायचे, बाबांनी नजर वर केली की 'हो'. मग त्या ओळीतली अक्षरे. 'पाणी' लिहायला प, काना, ण, दुसरी वेलांटी असे चार टप्पे लागतात, आणि तहान लागलेल्या माणसाला तेवढा धीर नसतो. म्हणून 'पाणी', 'लाळ पुसा', 'कूस बदला', 'दुखतंय' हे सगळ्यात वर तयार ठेवा. हे जमले की नजर टिपणारा कॅमेरा बघा.

मेंदूलहरींचे यंत्र त्यानंतर. तेही बहुतांशी नजरेवरच चालते. एका प्रकारात ओळी आणि स्तंभ आळीपाळीने उजळतात. हवे ते अक्षर उजळले की साधारण ३०० मिलिसेकंदांनी लहरीत उंचवटा येतो. फारवेल आणि डोन्चिन यांनी १९८८ मध्ये ६ बाय ६ चा असा तक्ता मांडला. एकदाच उजळल्याचा उंचवटा गोंगाटात हरवतो, म्हणून तेच पुन्हा पुन्हा उजळून सरासरी काढतात आणि एकेका अक्षराला बराच वेळ जातो. तरीही चाचणी करायची असेल, तर बाबांचे 'हो-नाही' पक्के आहे तोवरच करा. ते गेल्यावर यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, हे विचारायचे कोणाला?

प्रश्न : नजर कोणत्या चौकोनावर आहे ते मेंदूलहरींवरून ओळखायच्या प्रोजेक्टमध्ये स्क्रीनवर चार चौकोन ६, ८, १० आणि १२ हर्ट्झने (सेकंदाला तितक्या वेळा) लुकलुकतात. डोळे मिटले तरी १० निवडला जातो, ६ कडे पाहिले की मध्येच १२ येतो, आणि ८ ओळखूच येत नाही. इलेक्ट्रोड बदलू का? (विद्यार्थी, ऐरोली)

उत्तर : इलेक्ट्रोड राहू द्या, आकडे बदला. लुकलुकत्या चौकोनाकडे पाहिले की मेंदूत त्याच गतीची लहर उठते, आणि यंत्र तीच शोधते. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात ८ ते १३ हर्ट्झची अल्फा लहर उसळते; तुमचा १० नेमका तिच्यात सापडतो. ६ कडे पाहताना मेंदू १२ लाही प्रतिसाद देतो, कारण ती त्याची दुप्पट. आणि ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रे) दाखवणाऱ्या स्क्रीनवर ८ च्या एका फेरीसाठी साडेसात फ्रेम लागतात. अर्धी फ्रेम नसतेच, त्यामुळे फेऱ्या लहानमोठ्या होतात.

९, ८, ७ आणि ५ फ्रेमच्या फेऱ्या घ्या : ६.६७, ७.५, ८.५७ आणि १२ हर्ट्झ. प्रोग्रॅममध्ये मिलिसेकंद मोजू नका, फ्रेम मोजा. मोबाइलवर २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये स्क्रीन टिपा. १२ हर्ट्झची एक फेरी २० फ्रेमची दिसली पाहिजे. नमुना किमान चार सेकंदांचा घ्या. एका सेकंदाच्या एफएफटीत (लहरीतल्या वारंवारता वेगळ्या करणाऱ्या गणितात) ६.६७ आणि ७.५ वेगळे दिसणारच नाहीत. शेवटच्या दोन वारंवारता अजूनही अल्फाच्या पट्ट्यात आहेत, म्हणून दोन मिनिटे कोऱ्या भिंतीकडे पाहून नोंद घ्या आणि त्यावरून प्रत्येकीचा उंबरठा वेगळा ठरवा.

आता डोके. केसांना खोबरेल असेल तर जेल त्वचेपर्यंत पोचत नाही. त्याच सकाळी शाम्पू हवा. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत टेप धरा. अंतर ३६ सेंटिमीटर भरले तर उंचवट्याच्या ३.६ सेंटिमीटर वर ओझेड ही इलेक्ट्रोडची जागा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ओ-वन, ओ-टू. केसांत भांग पाडून त्वचा हलकेच घासा. इम्पिडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यातला विजेचा अडथळा) १० किलोओहमच्या खाली आणा. जेल जास्त झाले तर ते शेजारच्या इलेक्ट्रोडला मिळते आणि दोन्हीकडून एकच लहर येते. ही चूक फार होते आणि आलेख देखणा दिसत असल्याने लक्षात येत नाही. घामाने रेषा संथ तरंगते, म्हणून पंखा हवाच. फक्त वायरी एकत्र बांधून पाठीवर चिकटवा, हलल्या की खोट्या लहरी उठतात. लॅपटॉप चार्जरवरून काढा : माणसाच्या सुरक्षिततेसाठी हे आवश्यक, शिवाय ५० हर्ट्झची गुणगुणही कमी होते.

प्रश्न : बहिणीला लहानपणी फिट यायच्या. तिला या प्रयोगात बसवावे का? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : नको. सेकंदाला १५ ते २५ वेळा लुकलुकणारा प्रकाश सर्वांत धोक्याचा, पण त्याखालीही हमी नाही. तिला इलेक्ट्रोड लावायचे काम द्या आणि स्क्रीन सुरू करण्याआधी तिला खोलीबाहेर पाठवा.