सोसायटीत मत कुणाचं, आणि ग्रुपवर कोण?

प्रश्न: मी सोसायटीची नवीन सेक्रेटरी, आणि एजीएम (वार्षिक सर्वसाधारण सभा) तोंडावर आलीय. एक काका फोनवर म्हणाले मी गावी आहे, मुलगा येईल तोच मत देईल. एका फ्लॅटवर नवरा-बायको दोघांची नावं आहेत तर दोघंही मत देणार म्हणतायत. भाडेकरू विचारतात मेंटेनन्स आम्ही भरतो मग आम्हाला मत का नाही? व्हॉट्सॲप ग्रुपवर तर सगळेच आहेत. काय करू? — एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, आधी सभासद रजिस्टर आणि शेअर सर्टिफिकेटं काढून बसा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. २०१९ मधे महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात हाउसिंग सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण आलं, कलम १५४-ब, त्यात हे बरंच स्पष्ट आहे.

नवरा-बायकोचं सोपंय. सर्टिफिकेटवर दोघांची नावं म्हणजे दोघं जॉइंट मेंबर, पण मत एकच, ज्याचं नाव पहिलं त्याचं. तो नाही आला तर दुसऱ्या नावाचं. घरी कोण कुणाला विचारून मत देतं त्यात आपण पडायचं नाही :)

काकांच्या मुलाचं मात्र फोनवर भागणार नाही. सर्टिफिकेटवर नाव नसलेला मुलगा, मुलगी, सून, जावई, भाऊ, पुतण्या असे जवळचे नातेवाईक असोसिएट मेंबर होऊ शकतात, पण मेंबरच्या लेखी शिफारशीने रीतसर अर्ज करून, आणि मत द्यायचं तर काकांची आधी घेतलेली लेखी संमती हवी. नुसती चिठ्ठी किंवा पॉवर ऑफ ॲटर्नी घेऊन आला तर उपविधीप्रमाणे (सोसायटीच्या बायलॉजप्रमाणे) त्याला सभेला बसताच येत नाही, तेव्हा काकांना आत्ताच सांगा, सभेच्या दारात वाद नको.

तुम्ही विचारलं नाही पण हे हमखास निघतं: मेंबर वारला आणि नॉमिनी आहे, तर वारस ठरेपर्यंत नॉमिनीला प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता मेंबर करून घेतात. त्याला मत असतं. याचा अर्थ फ्लॅट त्याचा झाला असा नाही, हे नॉमिनीलाही सांगा आणि त्याच्या बहिणींनाही.

भाडेकरूंना मत नाही. पैसे त्यांच्या खात्यातून येत असले तरी सोसायटीच्या लेखी देणं मालकाचं. पण पाणी कधी बंद, लिफ्ट कधी बंद हे त्यांना कळायलाच हवं ना, ते तर तिथेच राहतात! म्हणून ग्रुप दोन करा. एक सूचनांचा, सेटिंगमधे मेसेज फक्त ॲडमिनने पाठवायचा, त्यात भाडेकरू पण असू देत. दुसरा फक्त सभासदांचा, तिथे नवीन माणूस ॲडमिनने अप्रूव्ह केल्याशिवाय येणार नाही असं ठेवा. आणि जुन्या कमिटीतले अजून ॲडमिन आहेत का बघा, नव्वद टक्के असतीलच.

ग्रुपवर टाकलं म्हणजे एजीएमची नोटीस दिली असं धरू नका हं, ती चौदा पूर्ण दिवस आधी रीतसरच द्यायची. कुणी वाट्टेल ते लिहिलं तर ॲडमिन म्हणून तुम्ही अडकाल का? मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मधे म्हटलंय की दुसऱ्याच्या मेसेजसाठी केवळ ॲडमिन म्हणून गुन्हा लागत नाही, दोघांचा आधीपासून ठरलेला बेत असेल तर गोष्ट वेगळी. वाट्टेल ते लिहिणाऱ्याला ग्रुपमधून खुशाल काढा, त्याने त्याचं सभासदत्व जात नाही आणि मतही जात नाही, फक्त त्याला सभेची नोटीस पोचली याची सही तेवढी घेऊन ठेवा.