शाडूचा उंदीर, ४८० फोटो

प्रश्न : शाळेच्या हरित सेनेतली सातवीची मुलं मोबाइलवर दोन मिनिटांची स्टॉप-मोशन फिल्म (एकेक फोटो काढून, ते जोडून केलेली) करताहेत. विषय : पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिसच्या) मूर्ती आणि नदी. रडणारी नदी मुलांना समजावते, अशी गोष्ट आहे. पण संवाद भाषणासारखे वाटतात आणि चित्र सारखं लुकलुकतं. काय करावं?
– एक कलाशिक्षिका, सातारा

उत्तर : आधी नदीचं रडणं थांबवा. तिला तोंड दिलं की मुलांचे निबंधच ती बोलून दाखवते. तुमचा विषय तर कॅमेऱ्यासमोर आपोआप घडणारा आहे.

एकाच साच्यातून आठ सेंटिमीटरचे दोन उंदीर काढा, एक शाडूचा, एक पीओपीचा. (गणपतीच बुडवा असा हट्ट नको, पालकांची कुरकुर होते.) शाडूचा उंदीर सावलीत कडक वाळू द्या. ओलसर माती पाण्यात तशीच बसून राहते. कोरडीठाक असली तरच पाणी शोषून पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटते. ऑइलपेंट लावू नका, गेरू पुरे. काचेच्या दोन बरण्यांत आदल्या रात्रीच पाणी भरून ठेवा आणि रात्रीतून काचेवर धरलेले बुडबुडे सकाळी पुसून घ्या, म्हणजे शूटिंगच्या वेळी नवे फारसे धरत नाहीत. उंदीर दोऱ्याने हळूच सोडा, पुढच्या काचेला अगदी लागून. मागे सरकले तर गढूळ पाण्यात दिसेनासे होतील.

दर १५ सेकंदांनी एक, असे दोन तासांत ४८० फोटो होतात. सेकंदाला १२ लावले की ४० सेकंदांची फिल्म. दोन मिनिटांना १४४० लागतील, तो हट्ट सोडा. माती ढासळायला किती वेळ घेते, हे आधी त्याच मातीच्या गोळ्यावर पाहून घ्या आणि अंतर त्याप्रमाणे बदला.

लुकलुकण्याचं कारण बहुधा मोबाइलच. तो दर फोटोला उजेड नव्याने मोजतो. एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा ते), व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) आणि फोकस तिन्ही लॉक करा. खिडक्या बंद, दिवा एकच, शटर १/५० सेकंद. पांढरे सदरे घातलेली मुलं लांब उभी करा. त्यांचाही उजेड बरणीवर पडतो. फोन एअरप्लेन मोडवर ठेवून चार्जर सुरुवातीलाच जोडा. मध्येच जोडायला गेलात की चौकट हलते आणि पुढचे सगळे फोटो वाया.

‘शाडू विरघळतो, पीओपी विरघळत नाही’ अशी पाटी मात्र लावू नका. शाडू फुटून तळाशी गाळ होतो. उलट पीओपीचं घट्ट झालेलं जिप्सम थोडं विरघळतं, लिटरला साधारण दोन ग्रॅम. म्हणून शेवटच्या शॉटमध्ये बरणीतला गाळ फडक्यातून गाळून त्याच मातीचा नवा उंदीर करताना मुलांचे हात दाखवा. शेजारच्या बरणीत पीओपीचा उंदीर तसाच.

प्रश्न : सेटसाठी थर्माकोल चालेल का?

उत्तर : या विषयाला शोभत नाही, हे झालंच. शिवाय कापताना सुटलेले दाणे स्थिर विजेने सगळीकडे चिकटतात, दर फोटोत जागा बदलतात आणि पडद्यावर मुंग्यांसारखे वळवळतात. पुठ्ठा आणि खळ वापरा.