तोटी शेवटी, आधी टाकीची उंची

ओट्यावर पिण्याच्या पाण्याची वेगळी तोटी बसवण्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरं.

प्रश्न : सिंकखाली बसणारा तीन डब्यांचा फिल्टर आणि त्याची उंच मानेची तोटी ऑनलाइन मागवली. प्लंबरने बसवली, कुठे गळत नाही. पण पाणी दोऱ्यासारखं पडतं, तांब्या भरायला पाच मिनिटं लागतात. फिल्टर खराब निघाला का? घर बैठं, टाकी स्लॅबवर आहे. – पारोळा

फिल्टर बहुधा चांगला आहे, त्याला दाब मिळत नाही. टाकीपासून तोटीपर्यंत दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. बैठ्या घराचा हिशोब मांडून बघा. स्लॅब जमिनीपासून ३ मीटरवर, टाकी अर्ध्या मीटरच्या चौथऱ्यावर आणि तोटीचं तोंड जमिनीपासून १.२ मीटरवर. उरतात २.३ मीटर, म्हणजे ०.२३ बार. खोक्यावर दाब पीएसआयमध्ये छापलेला असेल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय धरा. या घरात जेमतेम सव्वातीन पीएसआय भरतो. सिंकखालचे असे बरेच फिल्टर २ ते ४ बार गृहीत धरून बनवतात, कारण ते थेट नगरपालिकेच्या लाइनला जोडायचे असतात. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, ते हौदात साठतं, मोटारीने वर चढतं आणि तिथून उतारावर खाली येतं. स्वयंपाकघराला लाइनचा दाब कधी दिसतच नाही.

टाकी आणखी उंच करून भागणार नाही. २ बारसाठी २० मीटर लागतील. फिल्टरच्या आधी २४ व्होल्टचा छोटा बूस्टर पंप (दाब वाढवणारा पंप) लावा, अडॅप्टरसकट. सोबत दोन स्विच हवेतच. एक, तोटी बंद केल्यावर पंप थांबवणारा. तो नसेल तर पंप बंद तोटीवर दाबत राहतो आणि रात्री कधीतरी नळी सुटून ओट्याखाली तळं होतं. दुसरा, टाकी रिकामी झाल्यावर पंप कोरडा चालू न देणारा. पंपाच्या आधी जाळीचा किंवा ५ मायक्रॉनचा प्री-फिल्टर बसवा, नाहीतर टाकीतली रेती त्याच्या रबरी पडद्यात जाऊन बसते.

हा खर्च करण्याआधी सिंकखालची नळी कुठे मुडपली आहे का तेवढं पाहून घ्या.

प्रश्न : घरात नगरपालिकेचं आणि बोअरचं, दोन्ही पाणी एकाच टाकीत जातं. आरओ घ्यावा की साधा यूव्ही पुरे? – चोपडा

आरओ बारीक पडद्यातून पाणी दाबून विरघळलेले क्षार काढतो, यूव्ही अतिनील दिव्याने फक्त जिवाणू मारतो. टाकीतलं पाणी मोजून काही कळणार नाही, कारण ते रोज बदलतं. दोन्ही पाण्यांचे नमुने वेगवेगळे तपासा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत रासायनिक आणि जिवाणू तपासणी होते. नमुन्याची बाटली कशी भरायची ते आधी विचारून घ्या. जिवाणू तपासणीसाठी त्यांचीच निर्जंतुक बाटली लागते.

अहवालात चार आकडे बघा. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरला टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ५०० मिलिग्रॅमपर्यंत, एकूण कठीणपणा (पाण्याचा जडपणा) २०० पर्यंत, फ्लोराइड १ पर्यंत आणि नायट्रेट ४५ पर्यंत चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर टीडीएसला २००० आणि कठीणपणाला ६०० पर्यंत सवलत आहे, नायट्रेटला मात्र नाही. केळी-कपाशीच्या पट्ट्यात बोअर वावराला लागून असेल तर हा आकडा सगळ्यात आधी वाचा. नायट्रेटला चव नसते, वास नसतो, टीडीएस मीटर ते वेगळं दाखवत नाही. यूव्हीने ते जात नाही, यूएफने (जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीने) जात नाही, आणि पाणी उकळलं तर आटून उलट वाढतं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ घरात असेल तर असं पाणी त्याच्या दुधात अजिबात वापरू नका. इथे आरओ लागतोच.

नगरपालिकेच्या पाण्याचे आकडे मर्यादेत असतील तर स्वयंपाकघरासाठी तेवढ्याच पाण्याची वेगळी छोटी टाकी ठेवा आणि यूएफ-यूव्हीवर थांबा. आमचा कौल याच मांडणीला आहे. बोअरचं जड पाणी अंघोळीला, मोरीला जाऊ द्या. तूरडाळ तासभर ठेवूनही फुटत नाही, वरण-बट्टीचं वरण एकजीव होत नाही, ही खोड बहुतेकदा त्याच पाण्याची असते. पावसाळ्यात मात्र यूव्हीच्या भरवशावर गढूळ पाणी सोडू नका, गाळाच्या कणांआड जिवाणू सुटून जातात. तुरटी फिरवून, निवळून, मगच मशीनला द्या.

प्रश्न : ओटा ग्रॅनाइटचा, खाली कडप्पा. तोटीसाठी भोक पाडलं तर तडा जाईल असं मिस्त्री म्हणतो. घरी करता येईल का? – धुळे

मिस्त्रीची भीती खोटी नाही. हॅमर मोडवर ड्रिल चालवलं तर तडा जातोच, आणि कडप्पा खालच्या बाजूने पापुद्रे सुटून फुटतो. रीत पाळली तर भोक स्वच्छ पडतं.

आधी जाडी मोजा. ग्रॅनाइट १६ ते २० मिलिमीटर, मधला मसाला आणि खालचा कडप्पा मिळून ५० च्या पुढे सहज जातं. तोटीच्या आट्यांचा दांडा बऱ्याचदा त्याहून आखूड असतो आणि खाली नट लावायला जागाच उरत नाही. दुकानात दांडा पट्टीने मोजूनच तोटी घ्या. आखूडच मिळाली तर खालून कडप्प्याला मोठं भोक पाडून नट थेट ग्रॅनाइटला लावावा लागतो. ते काम मिस्त्रीकडेच द्या. स्टीलच्या सिंकला मागे रुंद काठ असेल तर सरळ तिथे बसवा. तो पत्रा जेमतेम मिलिमीटरभर असतो, पायऱ्यांच्या शंकूसारख्या स्टेप बिटने दोन मिनिटांत भोक होतं.

जागा ठरवताना तोटीचं तोंड सिंकच्या आत पडेल आणि ती उघडायची दांडी मागच्या टाइल्सला न अडता फिरेल एवढं बघा. ओट्याखाली त्या जागी भिंत, सिंकची क्लिप किंवा ड्रॉवर नको. साध्या आरओ तोटीला १२ मिलिमीटरचा डायमंड कोअर बिट (कडेला हिऱ्याचे कण बसवलेला पोकळ बिट) लागतो. गरम, गार आणि गाळलेलं पाणी एकाच तोटीतून देणारा प्रकार असेल तर भोक ३५ मिलिमीटरचं, ते भाड्याच्या मशीनने करून घ्यावं.

खुणेभोवती घट्ट मळलेल्या कणकेचं बोटभर उंच आळं करा आणि त्यात पाणी भरा. बिट आधी तिरपा टेकवून चंद्रकोरीसारखी खाच पाडा, मग सावकाश उभा करा. थेट उभा टेकवला तर तो घसरतो आणि पॉलिशवर ओरखडा उमटतो. हॅमर बंद, वेग कमी, हात हलका. आळ्यातलं पाणी दुधासारखं पांढुरकं होत जातं. ते पुसून नवं घाला. पाणी आटलं की बिट तापतो आणि त्याचे हिऱ्याचे कण झडतात. शेवटच्या ३-४ मिलिमीटरला जोर आणखी कमी करा आणि खालून कुणालातरी लाकडी ठोकळा घट्ट दाबून धरायला सांगा. ड्रिलचा प्लग ओल्यापासून लांब ठेवा, पायात रबरी चप्पल घाला, आणि घरात ईएलसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर हे काम हाती घेऊ नका.

तोटीखाली रबरी वॉशर, वर क्रोमची चकती. ओट्याखालून प्लॅस्टिकचा वॉशर, मग नट. नळी पाव इंची. ती ब्लेडने काटकोनात कापा, तिरपी कापली की गळणार. पुश-फिट जोडणीत (जिथे नळी नुसती ढकलून बसते) नळी अडेपर्यंत, साधारण १५ मिलिमीटर आत गेली पाहिजे. ओढून बघा, मग लॉकची क्लिप लावा. नटाची जोडणी असेल तर नळीच्या तोंडात बारीक प्लॅस्टिकची बुश घालायला विसरू नका, नाहीतर नट आवळताना नळी चेपते. टेफ्लॉन टेप अँगल कॉकच्या (सिंकखालच्या भिंतीतल्या चावीच्या) अर्धा इंची आट्यांवर, आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने ८-१० वेढे. रबरी वॉशर किंवा फेरूल (नळीवर चढणारी बारीक कडी) असलेल्या नटावर टेप नको. जोड गार पाण्याच्या कॉकवरच घ्या, सोलरच्या लाइनवर कधीही नको.

आरओ असेल तर वाया जाणाऱ्या पाण्याची नळी सिंकच्या पाइपला, त्याच्या पाणी साचून राहणाऱ्या वाकाच्या वर जोडा. वाकाच्या खाली जोडली तर गटाराचा वास नळीवाटे मशीनपर्यंत येतो. सगळं झालं की ओट्याखाली कोरडं वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवा. बोटाला न कळणारा थेंबही कागदावर डाग धरतो. नव्या कार्बनची काळी भुकटी जाईपर्यंत पहिलं पाणी ओतून द्या. प्रेशर टाकी (हवेच्या फुग्याच्या जोराने पाणी ढकलणारी बंद टाकी) असेल तर ती दोनदा भरून रिकामी करा.

प्रश्न : मशीन भिंतीवर आहे. त्यातूनच नळी काढून सिंकवर तोटी बसवता येईल का? – शिरपूर

भिंतीवरच्या मशीनची टाकी उघडी असते, तिच्यातलं पाणी फक्त उताराने येतं. उंच मानेची तोटी घेतली तर तिची कमान टाकीच्या तळाच्या बरीच खाली राहायला हवी, तरीही धार बारीकच येईल. जोराची धार हवी असेल तर ओट्याखाली बसणारं, हवेच्या फुग्याची प्रेशर टाकी असलेलं मशीन घ्या. त्या टाकीतली हवा पाणी पूर्ण काढून मोजायची, ७-८ पीएसआय असावी. ती कमी झाली की टाकी भरलेली असूनही दोन ग्लासांत धार मरते.

प्रश्न : मे महिन्यात आरओच्या पाण्याची चव बदलते, मशीन बिघडतं का? – भुसावळ

भुसावळच्या उन्हात स्लॅबवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापतं. आरओच्या पडद्याला साधारण ४५ अंशांपर्यंतचंच पाणी चालतं. त्याच्या अलीकडेही गरम पाण्याबरोबर क्षार जास्त आत सुटतात, म्हणून चव बदलते आणि टीडीएस चढलेला दिसतो. तापून मऊ झालेल्या नळ्या पुश-फिटमधून निसटतात, तेही याच दिवसांत. मार्च ते जून मशीन पहाटे चालवून टाकी भरून घ्या आणि दुपारी इनलेटची चावी बंद ठेवा. वरच्या टाकीवर सावली करा, उन्हातल्या पाइपला गोणपाट किंवा फोमची नळी गुंडाळा. एवढं करूनही जूननंतर टीडीएस खाली आला नाही तर पडदा गेला समजा.

प्रश्न : तोटी पितळेची घ्यावी की स्टीलची? आणि वाया जाणारं पाणी झाडांना चालेल का? – शहादा

३०४ ग्रेडच्या स्टीलची घ्या. स्वस्त पितळेत शिसं असतं आणि आरओचं पाणी क्षार कमी असल्याने धातू जास्त ओढून घेतं. पितळेची तोटी आधीच बसवली असेल तर सकाळचा पहिला ग्लास पिऊ नका.

घरगुती आरओत एका लिटरमागे दोन-तीन लिटर वाया जातं, ते बादलीत धरा. लादी, संडास, भांड्यांचं पहिलं विसळणं यासाठी ते उत्तम. बोअरचं पाणी मुळातच जड असेल तर कुंडीतल्या तुळशीला, कढीपत्त्याला रोज घालू नका. दोन-तीन महिन्यांत कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो आणि पानांच्या कडा करपायला लागतात.