घाम आला की रीडिंग बदलत नाही का?

बार्शीहून एका वडिलांनी लिहिलं आहे: 'मुलगी अकरावी सायन्सला आहे, दहावीला 78 टक्के. ती 1500 आणि 3000 मीटर पळते, नववीत जिल्ह्याला मेडल होतं. जूनपासून टायमिंग घसरतंय. सकाळी कॉलेज, दुपारी 2 ते 5.30 क्लास आणि 6 वाजता मैदान असा दिवस असतो. रोजचं टायमिंग मी स्वतः वहीत लिहितो, वाईट असेल तर लाल पेनाने. एका शिबिरात तिच्या कपाळाला पट्टा लावून सायकल मारायला लावली आणि ब्रेन मॅपिंग केलं. 6,500 रुपये घेतले. मोटिव्हेशन इंडेक्स 100 पैकी 41 आला, शेरा 'लो ड्राइव्ह'. टेस्ट नीट द्यायची सोडून ही त्या मॅडमनाच उलट प्रश्न विचारत बसली की घाम आला की रीडिंग बदलत नाही का! लाज वाटून तरी सुधारेल म्हणून रिपोर्ट भावकीच्या ग्रुपवर टाकला. आता पळणं बंद करून नीटच्या तयारीला लावू का?'

तुमचं पत्र वाचताना मी 41 या आकड्यापाशी अडले नाही, भावकीच्या ग्रुपपाशी अडले. सोळा वर्षांच्या मुलीत जिद्द नाही असा छापील शेरा येतो आणि तो तिच्या आत्या, काका, चुलत भावंडं सगळे वाचतात. लाजेने कुणी जोरात पळत नाही हो. लाज वाटली की पोरं मैदान टाळतात, दिवाळीला पाहुणे आले की आतल्या खोलीत बसून राहतात. तो रिपोर्ट आजच काढून टाका आणि 'हे टाकायला नको होतं, माझी चूक झाली' असं त्याच ग्रुपवर लिहा. पुढचं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

आता तो पट्टा. रक्तातली साखर मोजावी तशी मेंदूतली जिद्द मोजता येते, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. यामागे खरं संशोधन आहे, म्हणून तर माणूस सहज फसतो. कपाळामागच्या मेंदूच्या डाव्या आणि उजव्या भागातल्या अल्फा लहरींची, म्हणजे सेकंदाला साधारण 8 ते 13 वेळा होणाऱ्या विद्युत चढउतारांची, तुलना केली जाते. डावी बाजू जास्त सक्रिय असेल तर माणसाचा कल पुढे सरसावण्याकडे असतो, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड डेव्हिडसन यांनी केली आणि व्यायामाच्या अभ्यासातही हे मोजमाप वापरलं गेलं. पुढे एडी हार्मन-जोन्स यांनी दाखवलं की माणूस रागावला तरी डावी बाजूच जास्त सक्रिय होते. मग वडील समोर उभे असताना सायकल मारणाऱ्या मुलीच्या डोक्यात उत्साह होता की चीड, हे त्या पट्ट्याला कळणार कसं? शिवाय हे निष्कर्ष अनेक माणसांच्या सरासरीतून निघतात. एका मुलीला 100 पैकी गुण द्यायची सर्वमान्य फूटपट्टी त्यातून तयार झालेली नाही. तांत्रिक अडचण तर आणखी मोठी आहे. डोक्याच्या कातडीवर मिळणारा मेंदूचा सिग्नल व्होल्टच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. चढावर दात आवळले किंवा मान ताठ झाली की स्नायूंचा सिग्नल त्याला झाकून टाकतो. म्हणून बऱ्याच प्रयोगांत व्यायामाच्या आधी आणि नंतर, माणूस शांत बसलेला असताना नोंद घेतात. एमआरआयमध्ये तर डोकं हलवून चालतच नाही, मग पळणं दूरच राहिलं.

ज्या मुलीला हा पट्टा 'लो ड्राइव्ह' म्हणाला, तिचा दिवस मी तुमच्याच पत्रातून पुन्हा वाचला. साडेतीन तास क्लास आणि अर्ध्या तासात मैदान. वेल्समधल्या बँगर विद्यापीठात सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. 16 जणांना त्यांनी दमछाक होईपर्यंत सायकल मारायला लावली. एका दिवशी त्याआधी 90 मिनिटं डोक्याला ताण देणारं काम दिलं, दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ साधे माहितीपट दाखवले. माहितीपटांनंतर माणसं सरासरी 754 सेकंद टिकली, डोकं शिणल्यावर 640 सेकंद. हृदय आणि स्नायूंच्या मोजमापात फारसा फरक नव्हता. प्रेरणाही कमी झालेली नव्हती. ती त्यांनी कशी मोजली माहितीय? प्रश्नावली देऊन, त्या माणसांनाच विचारून. बदलली होती ती एकच गोष्ट: तेवढंच काम त्यांना जास्त जड वाटत होतं.

तुमच्या मुलीचं हेच झालंय असं मी इथे बसून ठामपणे सांगणार नाही. लांब पल्ल्याच्या पळणाऱ्या मुलींमध्ये लोह कमी पडणं नेहमीचं आहे, त्यानेही दम लवकर लागतो. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. पाळी नियमित आहे का, हे आईने विचारावं आणि नसेल तर डॉक्टरांना दाखवावं. 6,500 रुपयांच्या टेस्टआधी हे व्हायला हवं होतं. तीन आठवडे मैदान सकाळी ठेवून बघा, झोप न तोडता. आणि ती वही तिच्याकडे द्या, लाल पेन तुमच्याकडे राहू द्या. प्रत्येक सरावानंतर तिने एकच आकडा लिहायचा, 6 ते 20 मधला: 6 म्हणजे काहीच श्रम नाहीत, 20 म्हणजे याच्यापुढे शक्य नाही. ही स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची जुनी पट्टी आहे. प्रयोगशाळांत महागडी यंत्रं लावलेली असतानाही खेळाडूला हा आकडा विचारतात. जड दिवस कुठे येतात हे तीन आठवड्यांत तिला दिसेल. ती तुम्हाला दाखवेल की नाही, ते ग्रुपवर तुम्ही काय लिहिता त्यावर आहे.

नीट, सीईटी, जेईईची माहिती कुठेही मिळेल, आणि त्यांपैकी कशासाठीही पळणं सोडावं लागत नाही.

मला बोलायचंय ते तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेल्या वाक्याबद्दल. घाम आला की रीडिंग बदलत नाही का? बदलतं. घामाने कातडी आणि इलेक्ट्रोड, म्हणजे पट्ट्यातले सिग्नल टिपणारे बिंदू, यांच्यातला संपर्क बदलतो आणि सिग्नलची रेषा हळूहळू सरकत जाते. हे ओळखून सिग्नल साफ करणं हा या क्षेत्रातल्या लोकांचा रोजचा उद्योग आहे. तुमची मुलगी सायकल मारत होती, कपाळावरून घाम निथळत होता, समोर तुम्ही आणि त्या मॅडम, आणि तेवढ्यात तिला शंका आली की हे यंत्र नक्की काय मोजतंय. त्या खोलीत योग्य प्रश्न एकट्या तिने विचारला. इतक्या वर्षांत माझ्यासमोर 95 टक्क्यांची कितीतरी मुलं बसली, रिपोर्टकडे असं बघणारी फार थोडी होती.

म्हणून अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही राहू द्या. व्यायामशरीरशास्त्र, क्रीडा मानसशास्त्र, बायोमेडिकल इंजिनिअरिंग, मेंदूविज्ञान, यांतल्या कुठल्याही दाराशी हे दोन विषय उपयोगी पडतील. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था 1957 पासून, पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था 1961 पासून खेळाच्या शिक्षणात आहे. मेंदूच्या अभ्यासासाठी बंगळुरूचं निम्हान्स आणि मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. ही नावं आत्ता तिच्यापुढे ठेवून 'यातलं एक निवड' म्हणू नका. तिला डॉक्टर व्हायचं असेल, नुसतं पळायचं असेल, तेही मला माहीत नाही, कारण एवढ्या लांब पत्रात तिला काय हवंय याचं एकही वाक्य नाही.

त्या मॅडमनी तिला काय उत्तर दिलं, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा दिलंच नसावं. पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाकीट बंद करा. घामाने रीडिंग कसं बदलतं, याचं आकृती काढून पूर्ण उत्तर मी तिच्या नावाने पाठवते.